बिल नंबर एक

पुस्तिकेच्या एकेचाळिसाव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात:
सर्व्हिस बाहेर केली तरी चालेल,
पण तारीख, किलोमीटर, तेलाची प्रत,
फिल्टरचा नंबर आणि बिल.
बिल नसेल तर वॉरंटी नाही.

मी मेडिकलच्या रेकॉर्ड रूममध्ये एकोणीस वर्षं काढली.
कागद नसलेला माणूस
आमच्याकडे आजारीसुद्धा नसतो.
मला ते पान लगेच पटलं.

पटलं नाही सेवकराम हेडाऊंना.
गोळीबार चौकातून आत, विणकरांच्या गल्लीत,
जिथं आता दोनच माग उरलेत,
कडुनिंबाखाली त्यांचा पाट, पाने, पेट्रोलची थाळी.
बाप लुगडी विणायचा.
हे गाडीला कान लावतात नि म्हणतात,
"धोटा अडकून राहिला कुठंतरी."
एवढंच निदान. पुढचं हातांना माहीत.

"बिल?" त्यांनी चिंधीला हात पुसले.
"एकतीस वर्षं झाली बाई,
कोणी मले बिल नाई मांगितलं.
गाडी चालली, का झालं बिल."

मे महिना. डांबर चपलेला धरत होतं.
वर्धा रोडला कंपनीच्या सेंटरात एसी होता,
काचेपलीकडे माझी स्कूटर,
काचेअलीकडे मी आणि एक जुनं मासिक.
एका पोरानं वायर जोडली,
पडदा म्हणाला, दोष नाही.
रहाटे कॉलनीच्या चौकापर्यंत ती गप्प होती,
मग पुन्हा कुरकुरली.

म्हणून मीच हट्ट धरला.
कॉटन मार्केटमागच्या छापखान्यात
पन्नास पानांचं बिलबुक, कार्बनसकट.
वर ठळक: हेडाऊ ऑटो.
प्रूफ हातात घेऊन ते बराच वेळ बोलले नाहीत.
मग तळाची ओळ मला वाचायला लावली.
"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही."
छापखानेवाला म्हणाला, ते सगळ्यांच्याच बिलावर असतं.
"काढ बाप्पा ते. मी घेतो न परत.
बिघडलं त लोकं नेणार कुठं?"

तेलाचा डबा माझ्यासमोर फोडला, सील दाखवून.
इंजिनाच्या अंगाला दोन बोल्ट, त्यांवर कंपनीचा पिवळा ठिपका.
त्यांनी पाना जवळ नेला आणि मागे घेतला.
"हे त्यायचं हाय. ठिपका तुटला का भांडण."
जे आपलं होतं तेवढंच खोललं,
जुना फिल्टर कागदात बांधून दिला:
"ठेव. इचारलं त दाखवजो."

मग बिल. मी पेन काढला,
त्यांनी तो माझ्याकडून घेतला.
तिसरीनंतर इतकं सलग बहुधा लिहिलं नव्हतं.
७,८४६ नीट आलं, आकड्यांशी ओळख होती.
"इंजिन आईल" लिहिलं.
माझं बोट सवयीनं पुढे गेलं, चूक दाखवायला,
मी ते पदरात गुंडाळलं.
सही करताना कोपऱ्यात अंगठा उमटला, काळा, न मागितलेला.
कार्बनखालची निळी प्रत ते वाकून पाहत राहिले.
"हे माझ्यापाशीच राह्यते काय?"
हो म्हटलं.
त्या दिवशी त्यांनी मजुरीचे दहा रुपये कमी घेतले
आणि बिलात लिहिताना पुरे लिहिले, कळलं नाही का.

डिसेंबरात मीटर बंद पडलं. वॉरंटीतलं काम.
काउंटरवरच्या टायवाल्यानं बिल उलटसुलट केलं.
"हेडाऊ कोण? आणि नंबर एक?
याच्या आधी ते काय करत होते?"
काय सांगू? मी फिल्टरची पुडी काढून ठेवली.
त्यानं अंगठ्याचा डाग नखानं खरवडून पाहिला,
निघाला नाही. शिक्का मारला.

नवं मीटर शून्यापासून सुरू झालं.
काचेखाली सहा कोरी शून्यं,
जणू ही गाडी कधी सदरला गेलीच नाही,
कधी उन्हात रुसलीच नाही.
ती चालली होती याचा पुरावा आता
एका तेलकट कागदावर आहे, निळ्या प्रतीत आहे,
"आईल"च्या वरच्या ओळीत.