बारा फवारे

मुलीनं बेंगळुरूहून आणलेली बाटली.
नेलपॉलिशहून मोठी, शँपूहून लहान.
मान तेवढी माझ्या ओळखीची निघाली:
कूलंटच्या पिचकारीची असते, तशी.

एकतीस वर्षं उद्यमबागेत लेथवर काढली.
फवारा काय असतो, मला नका शिकवू.
टूल तापलं की आधी वास येतो, मग धूर,
मग आपण दाबतो आणि लोखंड
पाण्यात शिरलेल्या म्हशीसारखं सुस्कारतं.

इथं लोखंडाच्या जागी काकडी.
कडोलीची, पहाटे तोडलेली,
देठाशी अजून जराशी काटेरी.
गाजर, नवलकोल, कोबीची दोन पानं
आणि रिपोर्टातला एक आकडा,
डॉक्टर मगदुमांनी लाल पेनानं
दोनदा गोल केलेला.

"पप्पा, बारा वेळा दाबायचं. बाराला बारा कॅलरी.
तेल म्हणून धरूच नका."

धरत नाही. मोजतो.
मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर
माझ्या घरची चूल पेटली आहे.
एक. दोन.
व्हिनेगर आहे. आणि आणखी काहीतरी,
जे लसणीबद्दल फक्त ऐकून आहे.
तीन. चार.
यल्लू दारात, हातात फोडणीची पळी, रिकामी.
"काय करूलास? काकडीला डास झालेत काय?"

सहाव्याला नोझल तुंबलं.
सुई घेतली, साफ केलं, फुंकर मारली.
या सगळ्या प्रकारात
तेवढंच काम मला येत होतं.

तेवढ्यात गिरिजव्वा आल्या, कोसंबरीची वाटी घेऊन.
भिजली मूगडाळ, वर कढीपत्ता,
मोहरी तेलात अजून कुरकुरतेय.
त्यांनी बाटली उलटसुलट पाहिली.
लेबलवर ना कन्नड, ना मराठी.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
आम्ही दोघं एका बाजूला, सारखेच अडाणी.
"एनिदु?"
"एण्णे," मी म्हटलं. "एण्णे इल्लद एण्णे."
तेल नसलेलं तेल.
त्या पदर तोंडाला लावून हसल्या,
वाटी मात्र माझ्यापासून लांब ठेवून गेल्या.

बारा.

वाईट नव्हतं, खरं सांगतो.
वाईट असतं तर नावं तरी ठेवली असती.
लांबच्या गल्लीत वरात चाललेली असते,
बँड ऐकू येतो, गाणंही ओळखू येतं,
आमंत्रण नसतं. तशी चव.

डबा उघडला की बसलिंग
शेंगाचटणीला अंगठ्यानं खळी पाडायचा
आणि काठोकाठ तेल ओतायचा.
म्हणायचा, मशीनला तेल, माणसाला तेल,
पाणी काय ते साहेबांच्या बाटलीत.
बावन्नाव्या वर्षी, दुसऱ्या शिफ्टला,
चहाची घंटा व्हायच्या आधी गेला.
चक फिरतच होता.
बंद मीच केला.

रात्री मुलीचा फोन. "मारलेत ना बारा?"
"मारले."
"आवडलं?"
"भोक बारीक आहे," मी म्हटलं.
"अर्धा मिलिमीटर मोठं केलं, तर
कुणाला कळणारही नाही."
ती हसली. तिला वाटलं, मी गंमत करूलोय.

फोन ठेवून सुई शोधली.
खिडकीत नाही, कॅलेंडरमागं नाही,
डब्यातल्या दोऱ्याच्या रिळालाही नाही.

यल्लू भिंतीकडं तोंड करून झोपली आहे.
म्हणजे, झोपलेली नाही.