गज बदलताना

मडगावच्या बाजारामागच्या थिएटरात
तेहतीस वर्षं मी यंत्र चालवलं.
खाली लोक सिनेमा बघायचे,
वर मी तो ऐकायचो,
खोलीतल्या वाटीएवढ्या स्पीकरवर,
कार्बनच्या कांड्यांची फरफर बाजूला सारून.

गाण्यांना वाली पुष्कळ.
गाणं लागलं की अर्धं थिएटर विडी ओढायला बाहेर,
उरलेलं अर्धं आत, पडद्याला साथ करायला.
मला आवडायचं ते गाण्यांच्या मधलं,
नायिका जिना उतरते तेव्हाचं,
तार येते तेव्हाचं,
कोणीच काही बोलत नाही तेव्हाचं.
त्याची तबकडी निघत नाही, त्याला मुखडा नसतो.
घरी न्यायचं तर डोक्यात भरून न्यावं लागतं,
आणि सायकलवर, कोंबच्या चढाला, अर्धं सांडतं.

आवडता संगीतकार कोण म्हटलं
की लोक नाव सांगतात.
मी रीळ सांगतो.
सातवं.
बाई दार लावते. बाहेरचा माणूस दिसत नाही,
दिसते ती कडी.
आणि कडीवर चेलोचा एकच सूर,
लांब, अजून लांब, आता पुरे म्हणावं इतका लांब,
मग मध्येच किंचित तुटतो,
हुंदका गिळावा तसा,
आणि पुढे चालू लागतो.
त्या हुंदक्यावर मी दुसरं यंत्र सोडायचो.
पडद्याच्या कोपऱ्यातल्या ठिपक्याची
मला कधी गरज पडली नाही.
एक्क्याण्णव खेळ. दर खेळाला घसा दाटलेला,
हात मात्र चोख.

नामावलीत संगीतकाराचं नाव
पडदाभर यायचं.
मी मनाशी म्हणायचो, या माणसाचं कोणीतरी गेलं असणार.

गेल्या महिन्यात कळलं, तो चेलो वाजवणारा
कुडतरीला असतो.
ओर्लिंद ग्रासियस. वय सत्त्याऐंशी.
तळ्याकडे तोंड केलेला बाल्कांव,
गुडघ्यावर पंचा, पंचावर सोललेले फणसाचे गरे.
मी सूर गुणगुणून दाखवला, तुटतो तिथे तोडला.
तो इतका हसला की गरा घशात अडकला.

"चूक गा ती, सगुणबाब!
लिहिलं होतं पंचेचाळीस सेकंदांचं,
रात्रीत कोणी चित्र कापलं, जोडलं, झालं एकावन्न.
हात वर धरून उभा राहिला आमचा सांतान,
खाली आणायलाच तयार नाही.
गज संपला. टोकाला आलो. बदलला.
परत घ्यायला फिल्म नव्हती,
आणि जेवणाची वेळ टळून गेलेली."

"आणि संगीतकार?"
"व्हरांड्यात. निर्मात्याशी पैशावरून भांडत.
चाल त्याची बरं का, खोटं नको बोलायला.
गाणी त्याची. तो सूर मात्र..."
त्याने उजवा हात हवेत आडवा ओढला,
सावकाश, कोपर सरळ होईपर्यंत,
मग मनगट वळवलं.
माझा घसा दाटला.
चेलो घरात नव्हता. पुतण्याने नेला, मापुशाला.

देवळाकडून नव्हे, इगर्जीकडून
पोरांचा सोल्फेज ऐकू येत होता,
एक पोर सारखं मी वर घसरत होतं.
ओर्लिंदचं तोंड दर घसरणीला वाकडं.

मग त्याने विचारलं,
"त्या चित्रात होतं काय?"
मला कळेना.
"पडद्याकडे आमची पाठ असायची.
सांतान तेवढा बघायचा, आम्ही सांतानला.
तो सिनेमा मी बघितला नाही."

"एक बाई दार लावते," मी म्हटलं.
"कोणावर?"
"प्रेम असलेल्या माणसावर."
"मग?"

मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो.
एक्क्याण्णव खेळ.
त्या क्षणी दर वेळी मी
दुसऱ्या यंत्राच्या दिव्याकडे वळलेला.
आठवं रीळ सुरू होतं तेव्हा ती बाई
बाजारात वांगी घेत असते.
मधे काय, ते मलाही ठाऊक नाही.

"मग रीळ बदलतं," मी म्हणालो.

त्याने बराच वेळ मान हलवली,
आणि उरलेला एक गरा
पंचासकट माझ्याकडे सरकवला.