चौथा कोपरा

"बेन, कोना माटे?" ताहेरभाईंनी विचारलं
आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं,
जावई, निदान एखादा सुतार उभा असेल म्हणून.
मागे नुसती रावपुऱ्याची दुपार.
दोनला पाच कमी, शटर अर्धं खाली.
"मारा माटे," म्हटलं, आणि स्टूल ओढून बसले.

काउंटरवर तीन यंत्रं आली.
पहिलं दहा इंची, पुढे-मागे सरकणारं,
दोन्हीकडे झुकणारं, लाकडावर लाल रेघ टाकणारं.
ताहेरभाईंचा मुलगा त्याच्याविषयी
स्थळ सांगितल्यासारखं बोलत होता.
मी उचलून बघितलं. हललं नाही.
जिन्याखालून ओट्यावर न्यायला
रोज शेजारचे शिर्के बोलवावे लागले
तर ते यंत्र माझं कसं?

दुसरं स्वस्त.
मूठ हलवली की पातंही मान हलवतं,
होयबा माणसासारखं.
अशांबरोबर तेहेतीस वर्षं काढलीत मी
मकरपुऱ्याच्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात,
दुसऱ्यांचे कोन ट्रेसिंग कागदावर गिरवत.
रेघ माझी, सही साहेबांची.
पेन्सिल एच आहे की टूएच,
एवढंच काय ते मला विचारायचे.

तिसरं आठ इंची.
खोक्याला पोचा आलेला, लाल रेघबिघ नाही.
पर्समधून मी गुण्या काढला.
मुलगा हसला. ताहेरभाई हसले नाहीत.
टेबल फिरवलं तर पंचेचाळिसाच्या खाचेत
खट्‌कन बसलं,
कडी बसते तसं,
अंधारातही हाताला माहीत असलेल्या दाराची.

"कापून बघू?"
मग गल्लीतच फळी टाकली,
एक रिक्षा हॉर्न वाजवून कंटाळली,
आणि सागाच्या पट्टीचे आठ काप झाले.

चौकटीचं असं असतं:
पहिला कोपरा जुळतोच.
दुसऱ्यालाही थोडी लाज असते.
तिसरा दाबून धरता येतो.
पण प्रत्येक कापात अर्धा अंश चुकला
तर त्याचे चार अंश होऊन
चौथ्या कोपऱ्यावर येऊन बसतात,
वसुलीला आल्यासारखे.

चारी पट्ट्या जुळवून मी उन्हासमोर धरल्या.
चौथ्या कोपऱ्यातून उजेड आला,
पोस्टकार्डाच्या जाडीचा.

"ए तो बधामां होय, बेन," ताहेरभाई म्हणाले,
आणि टोपी सावरत खाली बसले.
त्यांनी मागचा स्क्रू ढिला केला, मी गुण्या धरला.
ते म्हणाले, जरा डावीकडे. मी म्हटलं, जरा कमी.
दोघांचे गुडघे कुरकुरले.
दोन वाजून गेले होते,
त्यांच्या मुलानं तीनदा घड्याळ पाहिलं.

पातं मात्र बदलून घेतलं.
चोवीस दात म्हणजे घाईचं तोंड;
मला साठ दाती हवं,
चावून खाणारं.
पोच्याचे दोनशे कमी झाले, चष्मा फुकट मिळाला.

आमच्या माडीवर लिंथोई राहते,
मणिपूरची, फाइन आर्ट्सला आहे.
तिचं भाडं उशिरा येतं, चित्रं वेळेवर.
सात चित्रं माझ्या दिवाणखान्यात
भिंतीकडे तोंड करून उभी आहेत,
शिक्षा झालेल्या पोरांसारखी.

रविवारी पहिली चौकट झाली.
चौथ्या कोपऱ्यात केसभर फट राहिली.
भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरली,
पॉलिश पेपर फिरवला.
लिंथोईला दिसली नाही.
शिर्क्यांनी फक्त आवाजाबद्दल विचारलं,
दुपारचं झोपायचं की नाही, म्हणून.

मग चौकट उलटी केली
आणि मागच्या पट्टीवर, टूएच पेन्सिलीनं,
जुन्या सवयीनं तीन रकाने आखले.
काढलं: मी.
तपासलं: मी.
मंजूर, या शब्दापुढे जरा थांबले,
अंगठ्यानं ती फट एकदा चाचपली,
आणि सही केली.