जोडीची तार

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
नोटा छापल्या. कान तिथेच राहिले,
मशीन नंबर सातच्या शेजारी,
डबे ठेवायच्या फळीवर कुठेतरी.
घरी आणला तो फक्त पगार.

आधी गेल्या चिमण्या, मग कुकरची शिट्टी,
मग शालनच्या गाण्यातला वरचा सा.
तो गेल्याचं मला कळलंच नाही.
तिचे ओठ हलायचे, आणि उरलेलं
मी आठवणीतून भरून घ्यायचो,
फाटक्या नोटेचा नंबर जुळवावा तसं.

कॅनडा कॉर्नरला, दुसऱ्या मजल्यावर,
बागुल मॅडमचं क्लिनिक. वय असेल सत्तावीस.
काचेच्या खोलीत बसवून म्हणाल्या,
बीप ऐकू आली की बटण दाबा, बाबा.
मी ऐकू न येताच दोनदा दाबलं,
नापास व्हायची सवय नाही म्हणून.
त्यांनी कागदावर रेघ काढून दाखवली:
थोडी सपाट, आणि मग
वणीच्या गडाच्या पायऱ्यांसारखी खाली.

पंधरा दिवसांची ट्रायल.
पहिली जोडी स्वस्तातली.
तिच्यात ताटं-वाट्या भांडल्या,
पेपरची घडी कडाडली,
मागच्या गल्लीत पोरांचा ढोल सुरू झाला
तो डोक्यात फुटून नुसत्या काचा झाल्या.

दुसरी महागडी. हुशार.
नातवाचा शब्दन् शब्द सोलून हातात.
म्हटलं, घ्यावी हीच.
संध्याकाळी शालननं खोळ काढली,
मिरजेहून आणलेला तंबोरा मांडीशी घेतला.
आला सा,
खोलीभर आला, आणि पाच मोजेपर्यंत
कुणी दार लोटून घ्यावं तसा गेला.
तिची बोटं फिरतच होती.
मी म्हटलं, थांबलीस का?
ती म्हणाली, मी कुठे थांबले?

बागुल मॅडम हसल्या.
बाबा, एकसारखा चालू राहणारा आवाज
याला पंखा वाटतो. मग ते पुसून टाकतं.

येताना बसमध्ये खिडकीशी बसून
मी मोजत होतो,
एकसारखं चालू असलेलं काय काय
पंखा समजून मीही पुसलं,
कानात काही नसताना.
जेलरोडचा स्टॉप मागे गेला.
कंडक्टर ओरडला असणार.

तिसऱ्या जोडीत मॅडमनी एक कप्पा करून दिला.
नाव ‘संगीत’. त्यात सगळी हुशारी बंद.
पंखा, फ्रिज, रिक्षा, सा,
येईल ते येऊ दे.
म्हणाल्या, पण यात बोलणं नीट कळणार नाही.
शालन शेजारच्या खुर्चीतून म्हणाली,
चालेल हो. आधी तरी कुठे कळत होतं.

जानेवारी. खिडक्या लावलेल्या,
तारा गारठलेल्या, तिच्या खांद्यावर शाल.
ती गायली.

हा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता.
काळी चारवरून पांढरी चारवर उतरलेला,
कडेला थोडा उसवलेला,
श्वास घ्यायला मध्येच थांबणारा.
मी भरून घेत होतो तो निराळा,
चाळिशीतला, प्रेसच्या कॉलनीतल्या
गणपतीत माईकशिवाय पोचणारा.

कधीपासून? मी विचारलं.
झाली सात वर्षं. सांगितलं होतं तुम्हाला.
मग तंबोरा आडवा न ठेवताच म्हणाली,
परत करायचंय का?

अठ्ठावन्न हजार. पावती पाकिटात.
परत करायला अजून दोन दिवस होते.

मी उठून फ्रिजचं बटण बंद केलं.
परत येऊन बसलो, जरा जवळ.
म्हटलं, जोडीची एक तार
केसभर उतरलीय.

तिनं माझ्याकडे पाहिलं,
चष्म्यावरून, बराच वेळ.
मग वाकून मणी सरकवला
आणि छेडलं.

अजून, मी म्हटलं.
अजून थोडं.