खालचा दिवस

ओरेस्ट कामावर निघतो तेव्हा रात्रीचे नऊ झालेले असतात
आणि आमच्या तळघरात उजाडतं.
टायमर टक् करतो, गुलाबी दिवा लागतो,
जिन्याच्या फटीतून उजेड वर येतो
भांडी विसळणाऱ्या माझ्या पायांपर्यंत.

वरच्या मोठ्या टाकीत तेव्हा मासे
खडकाच्या खोबणीत शिरून निजलेले.
खाली, छोट्या काचेच्या खोक्यात,
हिरव्या तारांचा एक गुंता जागा होतो.
रेफ्युजियम म्हणतो तो त्याला.
मी म्हणते, तुझा दुसरा संसार.

"रात्री सगळे नुसते उसासे टाकतात, व्हर्ना,
पाणी आंबट होत जातं.
कुणीतरी जागं राहायला हवं."

हे त्याने सांगावं,
जो रोज रात्री एक किलोमीटर जमिनीखाली उतरतो
आणि कधीच्या काळी आटलेल्या समुद्राचं मीठ कापतो.
सॅस्काटूनला दुसरा समुद्र नाही.
जिवंत समुद्र रस्त्याने सोळाशे किलोमीटर.

पहिलं शेवाळ पिसांसारखं होतं, देखणं.
एका पहाटे सगळं पाणी दूध झालं,
पिसांच्या जागी काचेसारखे पोकळ देठ.
दुसरं पांढरं पडलं, विरघळलं.
दिवा मिणमिणता, असं तो म्हणाला.
दिवा बदलला. तरी विरघळलं.
मग कळलं, हा बाबा पाणी इतकं स्वच्छ ठेवत होता
की त्या बिचाऱ्याला खायला घाणच उरली नव्हती.
फॉस्फेट शून्य. नायट्रेट शून्य.
मी हसले. माझ्या सासूचं स्वयंपाकघर असंच होतं,
तिथेही काही वाढलं नाही.

तिसरं रेजायनाहून आलं,
उणे एकतीस अंशांत, सँडविचच्या पिशवीत,
पिशवी लोकरी टोपीत, टोपी त्याच्या कोटात.
मूठभर. घासणीसारखं राठ.
या खेपेला त्याने माशांना चार घास जास्त दिले,
लोहाचे थेंब मोजून सोडले,
पंप असा वळवला की गुंता सावकाश
लोळत राहील, प्रत्येक तार
कधीतरी दिव्याकडे तोंड करील.
शेजारचे डुब्रे गुलाबी खिडकीकडे बघून म्हणाले,
आता कायद्याने चालतं, ओरेस्ट, लपवतोस कशाला?

मार्चपर्यंत तो गुंता उशीएवढा झाला.

रविवारी आम्ही अर्धा उपटतो.
मी बादली धरते, तो पिळतो.
बारीक पांढरे ठिपके उड्या मारत पाण्यात परततात,
त्यांना तो परत जाऊ देतो,
घाई करत नाही.
माशांनी टाकलेलं, अन्नाचं उरलेलं,
सगळं असं हातात वजन होऊन येतं.
न उपटलं तर आतून कुजतं, तो सांगतो.
तीन वर्षं आम्ही एकमेकांशी
भाज्यांच्या यादीपलीकडे काही बोललो नव्हतो.
हे मी त्याला सांगत नाही. बादली धरते.

सकाळी साडेसहाला वरचा दिवा लागतो,
सातला खालचा विझतो.
मधला अर्धा तास दोन्हीकडे दिवस असतो.
तो येतो, भुवयांत खाणीची लालसर पूड,
आणि आधी तळघरात जातो, माझ्याकडे नाही.
पूर्वी मी दार आपटायचे.
आता कॉफीचे दोन कप खाली नेते,
उलट्या बादलीवर बसते,
माझी बस सव्वासातला निघते.

काल तिसऱ्या बाकावरची ओडेट
माझ्या हातमोज्याला चिकटलेली तार ओढून म्हणाली,
हे काय, गवत? जानेवारीत?
मी म्हटलं, समुद्र.
तिने वास घेतला, नाक मुरडलं,
आणि खिडकीवरच्या बर्फात ती तार
नीट चिकटवून ठेवली.