नऊ खळ्यांची पळी

सासूबाईंचं नाव दुलमा.
पहाटेचा पहिला चहा कुणाच्याही ओठाला लागण्याआधी
त्या तंबूचं बुटकं दार लोटून बाहेर जायच्या,
हातात लाकडी पळी,
पळीच्या पात्यावर कोरलेल्या नऊ खळ्या,
आणि दुधाळ, खारट चहा
चारी दिशांना आभाळाकडे उडवायच्या.

मी तालुक्याच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते.
लग्न करून गोबीच्या कडेला आले,
तेव्हा मला तो चहा जमिनीवर पडताना दिसायचा.
फक्त जमिनीवर.
वर गेलेला एकही थेंब
वर राहिलेला मी पाहिला नाही.

"कोण पितं ते?" एकदा विचारलं.
त्यांनी पळी पुसली, शेगडीशी धरून कोरडी केली,
नमद्याच्या भिंतीत खोचून ठेवली.
"मला काय ठाऊक," म्हणाल्या,
"माझ्या कोपराला विचार. सवय त्याला आहे."

त्यांच्या लहानपणी आभाळाला काही देणं
हा गुन्हा होता.
मग त्यांची आई पातेलं विसळायची,
आणि विसळवणी शिंपडायची:
थोडी इकडे, थोडी तिकडे, थोडी मागे.
सामूहिक कळपाचा मुकादम समोरच घोड्यावर.
गावभर सांगायचा,
काय स्वच्छ बाई आहे!
हे सांगताना दुलमा इतक्या हसायच्या
की उरलेले दोन्ही दात दिसायचे.

मग तो हिवाळा.
बर्फावर पाऊस पडला, आणि पाऊस गोठून
सगळ्या गवतावर काच बसली.
मेंढ्या खुरांनी काच खरवडत राहिल्या,
मग खरवडेनाशा झाल्या.
चारशेच्या एकसष्ट उरल्या.
गालसान रोज सकाळी सुरी घेऊन जायचा
आणि संध्याकाळी कातडी रचायचा,
तोंडातून शब्द नाही.
दूध कुठलं?
दुलमांनी बर्फ वितळवला, त्यात मिठाचा खडा टाकला,
पळी घेतली.

मी दारात आडवी उभी राहिले.
"ज्यानं ओरबाडून नेलं, त्यालाच पाजायचं?"

"पाणी गरम आहे तोवर
बाजूला हो," त्या म्हणाल्या.

वसंतात त्यांचा उजवा हात गेला.
अर्धं तोंडही.
छताच्या गोल झरोक्यातून येणारा उजेड
अंथरुणावरून सरकताना बघत पडायच्या.
एक दिवस कुणी बाहेर गेलं नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
तिसऱ्या दिवशी माझा चहा घशाखाली उतरेना.
त्या काही म्हणाल्या नव्हत्या.
पळीकडे बघतही नव्हत्या.
हेच जास्त झालं.

घेतली पळी.
विश्वास नाही, मंत्र नाही, क्रमही धड आठवेना.
डावीकडे वळले तर आतून आवाज आला,
अर्ध्या ओठांचा, तरी सासूचाच:
"उजवीकडून!"
पावलांच्या आवाजावरून ओळखलं त्यांनी.

पूर्वेला शिंपडलं. दक्षिणेला. पश्चिमेला
आमचा कुत्रा मागचा पाय उचलून चालत होता,
कधीपासून, देव जाणे.
आणि उत्तर तंबूच्या पाठीमागे,
तिथे वळसा घालून जावं लागतं.
गेले.
टेकडीची निळसर कड. खाली
एक राखाडी घोडी, पोटाशी ओलं शिंगरू,
चार पाय चार दिशांना पसरून
उभं राहायचा प्रयत्न करणारं.
आठ वर्षांत
या घराच्या उत्तरेला काय आहे
ते मी पाहिलंच नव्हतं.

पळी उडवली.
वाऱ्यानं सगळा चहा
माझ्याच तोंडावर परत फेकला.

आत येऊन त्यांच्यासाठी वाडगा भरला,
मान उचलून धरली.
त्यांनी विचारलं,
"कोण प्यालं?"
मी हनुवटी पुसली.
"थोडं मीच."
बराच वेळ त्या झरोक्याकडे बघत राहिल्या.
"चालतं," म्हणाल्या.