टेबल ४१७

सोमवारी आलो तर प्रत्येक टेबलाच्या पोटाला
एकेक काळी डबी चिकटवलेली.
काडेपेटीएवढी. दिवा नाही, आवाज नाही.
मारेकेची पेन्सिल पडली म्हणून ती वाकली,
नाहीतर कळलंही नसतं.

शूर्ड म्हणाला, डबीला तुमचं नाव माहीत नाही,
तोंड माहीत नाही. तिला फक्त ऊब कळते.
गुडघ्यांची, मांड्यांची.
कुणी बसलंय का, एवढंच.

म्हणजे इतकी वर्षं लोक पाठीमागे म्हणत आले,
हे नुसत्या खुर्च्या उबवतात,
त्याचं आता अधिकृत मोजमाप सुरू झालं.

आणि मोजणारा मी.
रॉटरडॅम, विमा कंपनी, चौथा मजला, पूरदावे विभाग.
शुक्रवारी तक्ता काढायचा:
उबदार टेबल लाल, गार टेबल निळं.
चाळीस टक्क्यांखाली गेलेलं टेबल उचलून नेणार.
टेबलच हं, माणूस नाही, शूर्डने दोनदा सांगितलं.
दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा कळलं.

हेंक रबरी पिशवीत गरम पाणी भरून
ती खुर्चीवर ठेवून सिगारेट ओढायला जाऊ लागला,
आणि एकतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा
आदर्श कर्मचारी ठरला.
मारेके मात्र खिडकीशी उभी राहून, फोन खांद्यात धरून,
बुडालेल्या तळघरांबद्दल म्हाताऱ्यांचं तास तास ऐकते.
ती निळी. गडद निळी.

मग हे ४१७.
खेर्त्येचं टेबल, ऑगस्टपासून रिकामं.
तिच्या अंत्यविधीला आम्ही सगळे गेलो होतो,
कॉफी प्यालो, केक खाल्ला,
तिचा कप कुणी घ्यायचा यावर हळू आवाजात बोललो.
दिवसभर टेबल निळं, जसं असायला हवं.
आणि रोज रात्री
दोन चाळीस ते तीन
लाल.

मी बॅटरी बदलली. पुन्हा लाल.
डबी बदलली. लाल.
मग भुताखेतांवर विश्वास नसलेला माणूस जे करतो तेच केलं:
कुणाला सांगितलं नाही,
दोन स्वेटर घातले आणि रात्री सायकल काढली.

इडालिना. सफाईवाली, केप व्हर्देची.
दोन मजले झालेले, तीन उरलेले.
बूट काढून पाय कागदाच्या टोपलीवर टेकलेले,
हातात संत्रं, साल एकाच लांब वळणात.
दचकली नाही. आधी माझ्या बुटांकडे बघितलं,
मग तिच्या ओल्या फरशीवर उमटलेल्या त्यांच्या खुणांकडे.

म्हणाली, या बाईंची खुर्ची मऊ आहे.
पुराच्या दिवसांत त्या रात्री थांबायच्या,
माझे गुडघे बघून म्हणाल्या, बस गं जरा.
तेव्हापासून बसते.
बाई कुठे बदलून गेल्या का?

मी सांगितलं.
फोड तोंडापर्यंत नेली होती,
ती तिने खाली सालीत ठेवली.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
टेबलाखाली डबी आपलं काम करत होती.

शुक्रवारी शूर्डने बोट ठेवलं: हे रात्रीचं काय?
मी म्हणालो, रेडिएटरचा पाइप. रात्री तापतो.
त्याने लिहिलं, यंत्रदोष.
आणि टेबल गेलं. फरशीवर चार फिकट चौकोन राहिले,
पुसून जात नाहीत, इडालिनाने घासून पाहिलं.

खुर्ची नेण्याआधी मी माझ्या खुर्चीशी बदलून घेतली.

आता रोज दोन चाळीसला माझं टेबल लाल होतं.
शूर्ड खांद्यावर हात ठेवून म्हणतो,
अरे, घरीही जात जा कधी.
मी म्हणतो, बघू.
सकाळी बसतो तेव्हा खुर्ची गारच असते,
सहा तास कुठली ऊब टिकणार.
खणाला मात्र वास येतो, संत्र्याचा.
त्याची डबी अजून निघालेली नाही.